बालसुलभ ऑक्टोपस

गुणवंत मेश्राम यांच्या घरात टाकाऊ असं काहीच नाही, ही गंभीर बाब एका शुक्रवारी संध्याकाळी उघडकीला आली.

मेश्राम मूळचे भंडाऱ्याचे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अनुभाग अधिकारी होते आणि दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहत. पत्नी रोशनी लेखापरीक्षण खात्यात होती. नवरा टिपणी लिहिणारा आणि बायको तिच्यावर आक्षेप काढणारी, त्यामुळे घरातला कुठलाही निर्णय कच्चा राहत नसे, फक्त वेळ लागत असे. मुलगी रुचिता दुसरीत होती.

त्या शुक्रवारी पालकांच्या ग्रुपवर शाळेचा संदेश आला. पुढच्या आठवड्यापासून शाळेत 'सागर संवेदना' उपक्रम होता. दिल्लीहून कुठल्याही दिशेने निघालं तरी समुद्र दिवसभराच्या प्रवासावर असल्यामुळे मुलांच्या मनात त्याच्याविषयी संवेदना निर्माण करण्याची जबाबदारी साहजिकच शाळेवर येऊन पडली होती. प्रत्येक मुलाने घरातल्या साध्या, टाकाऊ वस्तूंपासून एक समुद्री जीव करायचा होता. टाकाऊ वस्तू कोणत्या, तेही शाळेने कळवलं होतं: टॉयलेट पेपरची रिकामी नळी, अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, कागदी प्लेट, हलणारे डोळे. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे काम मुलांनी स्वतः करायचं आहे, पालकांनी मदत करू नये. त्याखाली, पालकांनी साहित्य रविवारपर्यंत जमा करून ठेवावं, असं होतं.

"टॉयलेट पेपरची नळी आहे का आपल्याकडे?" गुणवंतांनी विचारलं.

"नळी नाही, नळ आहे," रोशनी म्हणाली.

"अंड्यांचा ट्रे?"

"अंडी तुम्हीच आणता. पिशवीत आणता, त्यातली दोन फोडून आणता."

कागदी प्लेट नव्हती, कारण जेवण स्टीलच्या ताटात होत असे. हलणारे डोळे तर कोणाचेच वेगळे काढून ठेवलेले नव्हते. मग गुणवंतांनी घरातल्या इतर वस्तूंची पाहणी केली. दुधाच्या पावडरीच्या डब्यात धणे होते. जॅमच्या बाटलीत लोणचं होतं. त्यांचं स्वतःचं जुनं बनियन फरशी पुसण्याच्या सेवेत रुजू झालं होतं आणि त्याच्या निवृत्तीला अजून अवकाश होता.

"हा डबा निर्लेखित करता येईल," गुणवंत धण्यांच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाले. ऑफिसात मोडक्या खुर्च्या निकालात काढणाऱ्या समितीवर ते होते, त्यामुळे त्यांना ती पद्धत ठाऊक होती.

"आणि धणे कुठे ठेवू?"

"नवीन डबा आणू."

"म्हणजे टाकाऊ वस्तू मिळावी म्हणून चांगली वस्तू टाकायची आणि तिच्या जागी नवी विकत घ्यायची. लिहून द्या, मी आक्षेप काढते."

तेवढ्यात रुचिता स्वयंपाकघरातून हातात नारळाची करवंटी घेऊन आली. "मम्मी, मी ना, या कटोऱ्याचा केकडा बनवते."

"करवंटी म्हणतात तिला. आणि केकडा नाही, खेकडा," गुणवंत म्हणाले.

"तेच. कपड्यांचे चिमटे लावले की पाय होतील."

गुणवंतांनी संदेश पुन्हा वाचला. त्यात करवंटी नव्हती. चिमटेही नव्हते. खरं तर त्या घरात खऱ्या अर्थाने टाकाऊ अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे ही करवंटी. पण शाळेच्या संदेशात तिचा उल्लेख नसल्यामुळे तिला टाकाऊ म्हणता येत नव्हतं. तरी माणूस न्यायी होता. त्यांनी उपक्रमाच्या प्रमुख विजयालक्ष्मी मॅडम यांना विचारणा केली की, करवंटी ही घरगुती वस्तू मानावी किंवा कसे. मॅडमचं उत्तर आलं, 'कृपया मूळ संदेश पाहावा.' असं उत्तर गुणवंत स्वतः वर्षानुवर्षं लोकांना देत आले होते. त्यांना मॅडमविषयी आदर वाटला.

शनिवारी ते सरोजिनी नगरच्या बाजारात गेले. स्टेशनरीच्या दुकानात आधीच चारपाच पालक उभे होते.

"वेस्ट मटेरियल चाहिए," गुणवंत म्हणाले.

"कौन सी क्लास का?" दुकानदाराने विचारलं.

"सेकंड."

"सेकंड का वेस्ट कल ही खतम हो गया. नर्सरी का पड़ा है, ले जाओ, थोड़ा छोटा आएगा." मग त्याने आवाज खाली आणला. "यार, सीझन है. वेस्ट का माल पहले से बुक कराना पड़ता है."

त्या दुकानात रिकाम्या नळ्या, कधीही अंडं न पाहिलेले ट्रे आणि कोऱ्या टाकाऊ प्लेटा एका पारदर्शक पिशवीत सीलबंद मिळत असत. माल संपलेला असल्यामुळे गुणवंतांनी शेजारच्या दुकानातून टॉयलेट पेपरचं मोठं पाकीट घेतलं आणि घरी येऊन नळ्या रिकाम्या करायला बसले. पांढऱ्या कागदाचा ढीग पलंगावर चढला, तिथून खाली उतरला आणि दाराकडे निघाला. रोशनीने थोडा कागद चष्मा पुसायला घेतला, थोडा पुऱ्यांखाली घातला. उरलेल्याचं काय करायचं ते कोणालाच सुचेना. अखेर गुणवंतांनी दोन पिशव्या भरून कागद खाली कचऱ्यात नेऊन टाकला. अशा रीतीने मेश्रामांच्या घरात प्रथमच टाकाऊ वस्तूंची निर्मिती झाली. फक्त ती शाळेला चालणारी नव्हती.

रविवारी दुपारी ऑक्टोपसचं काम सुरू झालं. नळीचं धड, त्याला फायली बांधायच्या हिरव्या टॅगचे आठ पाय, आणि रोशनीच्या ब्लाउजची दोन बटणं डोळ्यांच्या जागी. गुणवंतांनी पट्टी लावून मापं घेतली. रुचिता बाजूला येऊन बसली आणि तिने डिंकाच्या बाटलीला हात लावला.

"तू मध्ये हात घालू नकोस, बेटा," गुणवंत म्हणाले. "तुझा प्रोजेक्ट आहे."

तिला ते पटलं असावं. ती आपली करवंटी घेऊन बाल्कनीत गेली.

सोमवारी ऑक्टोपस शाळेत गेला आणि सोमवारीच परत आला. त्याच्याबरोबर वर्गातले सगळेच जीव परत आले होते. शाळेने कळवलं होतं की आलेल्या वस्तूंवर मोठ्यांचा हात फिरलेला स्पष्ट दिसतो. एका मुलाचा देवमासा खरंच पाणी उडवत होता आणि त्याच्या पोटाखाली एका वास्तुविशारदाच्या कंपनीचं नाव राहून गेलं होतं. या प्रकाराची गंभीर दखल घेऊन शाळेने 'बालसुलभता परीक्षण समिती' नेमली होती. यापुढे प्रत्येक वस्तू मुलानेच केलेली आहे, हे तिच्याकडे पाहून कळलं पाहिजे. कडा वाकड्या असाव्यात. डिंक बाहेर आलेला असावा. दोन डोळे एका रेषेत नसावेत. सोबत पालकांनी सही केलेलं जाहीरपत्र जोडावं. नव्या वस्तू पंधरवड्याने प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आणाव्यात.

मुलांना वस्तू करू द्यावी, असं या संदेशात कुठेही म्हटलेलं नव्हतं. वस्तू मुलांनी केल्यासारखी दिसावी, एवढंच म्हटलं होतं. पालक सुशिक्षित होते. त्यांना फरक कळला.

त्या रात्री जेवण झाल्यावर वरच्या मजल्यावरचे श्रीपाद आठल्ये खाली आले. आठल्ये रत्नागिरीचे. त्यांचा साकेत रुचिताच्या वर्गात होता. समुद्री जीवांचं आठल्यांचं ज्ञान सखोल होतं, पण ते सगळं तळलेल्या अवस्थेतलं होतं.

"मेश्राम, काही खरं नाही," ते बसता बसता म्हणाले. "मी साकेतसाठी पापलेट केलं. मुद्दाम वाकडं कापायला गेलो तर आणखी सुंदर झालं. हात बसलाय ना आपला."

"मग?"

"गाझियाबादला एक क्लास आहे. अनुराग सर म्हणून आहेत. पूर्वी स्पर्धा परीक्षेची तयारी करून घ्यायचे, आता पालकांना मुलांसारखं काम करायला शिकवतात. शनिवारी सकाळची बॅच आहे."

"मुलांनाच करू दिलं तर?" रोशनी आतून म्हणाली.

"वहिनी, मार्क आहेत त्याला," आठल्ये समजुतीच्या सुरात म्हणाले.

शनिवारी दोघे मेट्रोने गाझियाबादला गेले. एका कोचिंगच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वर्ग भरला होता. बाकं लहान मुलांची होती आणि त्यांत गुडघे पोटाशी घेऊन मोठी माणसं बसली होती. पहिल्या बाकावर गुणवंतांनी आपल्याच मंत्रालयातले एक सहसचिव ओळखले. ऑफिसात त्यांच्या खोलीत शिरायला आधी वेळ घ्यावी लागे. इथे ते कागदाचा मासा घेऊन खाली मान घालून बसले होते. गुणवंतांनी ओळख दाखवली नाही. सहसचिवांनीही दाखवली नाही.

अनुराग सर फळ्यापुढे उभे राहिले. "आपकी सबसे बड़ी कमजोरी क्या है? आपको आता है. जिसको आता है वो बच्चे जैसा नहीं कर सकता. तो पहले भूलना है. कैंची उल्टे हाथ में लीजिए."

सगळ्यांनी कात्री डाव्या हातात घेतली. एक गृहस्थ जन्माचे डावखुरे होते, त्यांना सरांनी उजव्या हातात घ्यायला लावली.

"अब जीभ बाहर. पूरी नहीं, कोने से. बिना जीभ के बच्चे जैसा कट आता ही नहीं, मैंने बहुत रिसर्च किया है."

वर्गात एकदम शांतता पसरली. केंद्र सरकारचे चाळीसेक अधिकारी ओठांच्या कोपऱ्यातून जीभ काढून मासे कापत होते. सर बाकांमधून फिरत होते. कोणाची कड सरळ आली की थांबून म्हणत, "ये एडल्ट है." सहसचिवांना त्यांनी तीन वेळा एडल्ट म्हटलं. गुणवंतांपाशी मात्र ते बराच वेळ उभे राहिले, कागद उचलून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "देखिए. इसमें मासूमियत है."

गुणवंतांचे कान गरम झाले. नोकरीत इतकी वर्षं घालवली, पण कामाचं असं उघड कौतुक त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. जाता जाता सरांनी शेवटची युक्ती सांगितली की मूल मोजताना चुकतं, म्हणून ऑक्टोपसला सात पाय लावावेत.

पुढचा आठवडाभर गुणवंत ऑफिसातून आल्यावर जीभ बाहेर काढून सराव करत. रुचिता समोर बसून आपलं काम करत असे. तिचा खेकडा आता आकाराला आला होता. करवंटीची पाठ तिने फरशीवर घासघासून गुळगुळीत केली होती. चिमटे आठ, आणि पुढे नांग्यांचे दोन मोठे चिमटे, असे दहा पाय तिने मम्मीच्या फोनवर खेकड्याचा फोटो बघून लावले होते. डोळ्यांसाठी मिरीचे दोन दाणे. पोटाखाली पुठ्ठ्याची चकती कापून बसवताना तिला पाच चकत्या टाकून द्याव्या लागल्या, पण सहावी अशी बसली की सांधा दिसेना.

"पप्पा, तुमचं वाकडं का जातंय?" तिने विचारलं.

"मी वाकडंच कापतोय."

"का?"

"तू लहान आहेस ना, म्हणून."

रुचिताने थोडा विचार केला आणि आपली कात्री पुढे केली. "ही घ्या. माझी सरळ जाते."

जाहीरपत्राचा मजकूर शाळेनेच ठरवून दिला होता: 'मी जाहीर करतो की ही कलाकृती स्वतः तयार केलेली आहे.' मेश्रामांच्या घरी दर रविवारी सकाळी बुद्धवंदना होत असे, आणि खोटं बोलणार नाही हे शील रुचिता सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणत असे. तेव्हा सही करण्याआधी गुणवंत थबकले. मग त्यांनी मसुदे तपासणाऱ्या माणसाच्या नजरेने ते वाक्य पुन्हा वाचलं. 'मी' म्हणजे सही करणारा. 'स्वतः' म्हणजेही तोच. ऑक्टोपस त्यांनी स्वतः तयार केला होता, यात तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी ठळक सही केली.

"यात काही खोटं आहे का, सांग," ते रोशनीला म्हणाले.

रोशनीने कागद वाचला. "खोटं काहीच नाही," ती म्हणाली. "म्हणूनच वाईट आहे." आणि कागद परत दिला.

प्रदर्शनाच्या सकाळी रुचिता दारात खेकडा छातीशी धरून उभी राहिली. "मी हा नेणार."

"बेटा, एकच वस्तू चालते."

"मग हाच नेते. हा मी बनवलाय."

"तिचं तिला नेऊ द्या," रोशनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती आक्षेप मागे घेणार नाही हे गुणवंतांना कळत होतं. ते बरं म्हणाले. मात्र कुठलंही प्रकरण पर्यायी प्रस्तावाशिवाय वर पाठवायचं नाही ही सवय हाडात मुरलेली होती. रोशनी ऑफिसला निघाल्यावर त्यांनी ऑक्टोपस आणि जाहीरपत्र पिशवीत घातलं.

शाळेच्या सभागृहात निळे पडदे लावून समुद्र केला होता. समितीचं टेबल दाराशीच होतं आणि मध्ये विजयालक्ष्मी मॅडम बसल्या होत्या. रुचिताने खेकडा त्यांच्यापुढे ठेवला. मॅडमनी तो उचलला, उलटा केला, चकतीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी पाय मोजले.

"दस," त्या शेजारच्या बाईंना हळूच म्हणाल्या. "पूरे दस हैं."

शेजारच्या बाईंनी खेकड्याच्या डोळ्यांना मोजपट्टी लावली. डोळे एका रेषेत होते.

"बेटा, ये किसने बनाया?"

"मैंने, मॅम."

"सच बोलो. हम डाँटेंगे नहीं."

"मैंने बनाया है. नारियल मैंने घिसा, पाँच बार गलत हुआ." रुचिता मागे हटली नाही. "मैं अभी एक और बना के दिखा दूँ? यहीं बैठ के?"

मॅडमनी सहानुभूतीने मान हलवली. "उसका प्रोव्हिजन नहीं है, बेटा." मग त्या गुणवंतांकडे वळल्या. "सर, आप पढ़े-लिखे लोग हैं. बच्ची से क्यों झूठ बुलवा रहे हैं? ये साफ दिख रहा है कि बड़ों का काम है."

गुणवंतांच्या तोंडात वाक्य तयार होतं. हा खेकडा माझ्या मुलीनेच केला आहे. वाक्य सोपं होतं, त्यात कुठली मेख नव्हती, आणि कदाचित त्यामुळेच ते बाहेर पडेना. मागे पालकांची रांग लागली होती. आठल्ये डाव्या हाताने केलेलं पापलेट घेऊन उभे होते. कोणीतरी म्हणालं, "चलो भाई, आगे बढ़ो." गुणवंतांनी घसा साफ केला, पिशवीत हात घातला आणि ऑक्टोपस बाहेर काढला.

समितीचे चेहरे उजळले. धड एका बाजूला कललेलं होतं. डिंकाचे ओघळ सुकून पिवळे पडले होते. एक डोळा कपाळावर होता आणि दुसरा जवळजवळ पायात. मॅडमनी पाय मोजले आणि त्यांचे डोळे पाणावले.

"सात," त्या म्हणाल्या. "देखो, सात लगाए हैं बच्ची ने. ये होता है बचपन."

"जाहीरपत्र सोबत आहे," गुणवंत म्हणाले. मॅडमनी सही पाहिली आणि रुचिताला जवळ घेतलं.

"ये तुमने खुद बनाया है ना, बेटा?"

रुचिताने ऑक्टोपसकडे पाहिलं. मग वर मान करून वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. गुणवंत छताचा पंखा बघत होते. पंखा बंद होता, तरी ते बराच वेळ बघत राहिले.

"जी, मॅम," रुचिता म्हणाली.

ऑक्टोपसला पहिलं बक्षीस मिळालं. पाहुण्या म्हणून आलेल्या बाईंनी मंचावर रुचिताला विचारलं की हे बनवताना सगळ्यांत अवघड काय गेलं. "जीभ बाहेर ठेवणं," ती हिंदीत म्हणाली. सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या, आणि गाझियाबादला जाऊन आलेले तेवढे पालक हसले नाहीत. खेकड्याच्या बाबतीत समितीने उदार धोरण स्वीकारलं. मेश्रामांवर कारवाई झाली नाही. फक्त पालकांसाठी सूचना म्हणून तो दाराशी ठेवण्यात आला आणि खाली पाटी लावली, 'असे करू नये.'

संध्याकाळी रोशनीने बक्षिसाची ढाल पाहिली. कोणाला मिळाली, कशी मिळाली, हे तिने विचारलं नाही. तिने ती कपाटावर ठेवली, काही दिसू नये इतकी आत सरकवली.

"खेकडा कुठे आहे?" तिने विचारलं.

"शाळेत ठेवून घेतलाय," रुचिता म्हणाली. "बघायला."

पुढच्या महिन्यात शाळेचा नवा संदेश आला. मातृभाषा सप्ताहानिमित्त मुलांनी स्वतः आपल्या भाषेत आठ ओळी लिहून आणायच्या होत्या. रविवार होता, गुणवंतांना सवड होती आणि मनात कुठेतरी भरपाई करण्याची इच्छाही होती. त्यांनी वही आणि पेन्सिल रुचितापुढे ठेवली. "चल, तूच लिही. मी अजिबात हात लावत नाही."

रुचिताने वही त्यांच्याकडे सरकवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा जुना कर्मचारी नव्याला काम समजावून देतो तसं ती म्हणाली, "पप्पा, तुम्हीच लिहा. माझं बरोबर येतं. तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ चुकवा, म्हणजे मॅम मानतील." आणि ती खाली खेळायला गेली.

गुणवंतांनी त्या आठ ओळी लिहिल्या. चांगल्या जमल्या, असं म्हणतात.

हे वाचून ज्यांना मेश्रामांचं हसू आलं, त्यांच्याही घरी मुलाने केलेला एखादा मासा, कंदील किंवा किल्ला कुठे ना कुठे ठेवलेला असेलच. चार पाहुणे बसलेले असताना मुलाला हाक मारून विचारा, हा तू स्वतः केलास ना? ते हो म्हणेल. हो म्हणण्याआधी ते कोणाच्या तोंडाकडे बघतं, तेवढं पाहून ठेवा. आणि त्या वेळी आपण पंखा बघत नव्हतो ना, तेही.